बर्फाळ गावातील आईच्या दुधात काय सापडले?

१९८० च्या दशकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात डॉ. एरिक देवायी मातांच्या दुधाचे नमुने तपासत होते. दक्षिण क्वेबेकच्या औद्योगिक भागात राहणाऱ्या मातांच्या दुधात कोणती रसायने उतरतात, हे त्यांना पाहायचे होते. अशा अभ्यासात तुलनेसाठी ‘स्वच्छ’ नमुने लागतात. त्यासाठी प्रांताच्या अगदी उत्तरेकडील नुनाविक हा भाग निवडला गेला. तिथे इनुइट लोकांची विखुरलेली छोटी गावे आहेत. कारखाने नाहीत, शेती नाही, त्यामुळे कीटकनाशकांची फवारणीही नाही. सर्वांत निर्मळ दूध इथेच मिळेल, असा अंदाज होता.

अहवाल आले ते नेमके उलटे. नुनाविकच्या मातांच्या दुधात ‘पीसीबी’ या रसायनांचे प्रमाण दक्षिणेकडील मातांच्या तुलनेत सुमारे पाच पट होते. वीज ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलात वापरली जाणारी ही रसायने नुनाविकमध्ये कोणी बनवतही नव्हते. पुढे १९८९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि उत्तर ध्रुवाकडे पाहण्याची संशोधकांची नजर बदलली.

विष तिथवर पोहोचले कसे?

पीसीबी, डीडीटी यांसारख्या रसायनांचे तीन गुण एकत्र आले की धोका तयार होतो. ती लवकर नष्ट होत नाहीत. ती पाण्यापेक्षा चरबीत सहज विरघळतात. आणि उष्ण हवेत त्यांची हळूहळू वाफ होते. ही वाफ वाऱ्याबरोबर सरकते, थंडी लागली की जमिनीवर किंवा पाण्यावर बसते, पुन्हा ऊन लागले की उठते आणि आणखी पुढे जाते. टोळ जशा उड्या मारत जातो, तसा हा प्रवास. ध्रुवाजवळ कडाक्याची थंडी असल्याने तिथे पोहोचलेले रसायन पुन्हा सहजी उठत नाही. एका अर्थाने ध्रुवप्रदेश हा पृथ्वीचा फ्रीजर आहे आणि जगभरातून निघालेले बरेच काही त्यात साठत जाते.

पुढचे काम अन्नसाखळी करते. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींमध्ये रसायनाचा अंश अगदी थोडा असतो. त्या खाणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये तो वाढतो, त्यांना खाणाऱ्या माशांमध्ये आणखी वाढतो. मग सील, बेलुगा देवमासा, ध्रुवीय अस्वल. प्रत्येक पायरीवर प्रमाण चढत जाते. इनुइट लोक याच साखळीच्या टोकाला आहेत. सीलचे मांस आणि बेलुगाची चरबीसकट कातडी हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार. आणि त्या टोकाच्याही वर एक पायरी असते: आईचे दूध पिणारे बाळ.

मग स्तनपान थांबवायचे का?

डॉक्टर म्हणून मला या कथेतील सर्वांत अवघड क्षण हाच वाटतो. अहवाल हातात आहे, समोर ओली बाळंतीण आहे. तिला काय सांगायचे? आईच्या दुधाला पर्याय डब्यातल्या दुधाचा. दुर्गम खेड्यात ते महाग पडते आणि त्यातून रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत. सील, मासे सोडून दुकानातले खा म्हणावे, तर तिथल्या दुकानात ताजा भाजीपाला मोठ्या अंतरावरून, बऱ्याचदा विमानाने येतो. त्यामुळे स्वस्तात पोट भरायचे तर साखर, मैदा आणि तळकट पदार्थच हाती लागतात. म्हणजे एका विषापासून वाचवताना लठ्ठपणा आणि मधुमेहाला दार उघडून देण्यासारखे झाले.

शिवाय पारंपरिक आहार नुसता विषारी नाही. त्यातून ओमेगा-३ मेदाम्ले, लोह, सेलेनियम मिळते. नुनाविकमध्ये गर्भावस्थेपासून सुमारे ११ वर्षे वयापर्यंत मुलांचा पाठपुरावा करण्यात आला. जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तात पारा जास्त असलेल्या मुलांमध्ये पुढे लक्ष एकाग्र न होण्याच्या तक्रारी अधिक दिसल्या आणि बुद्धिगुणांकही काहीसा कमी आढळला. त्याच मुलांमध्ये ओमेगा-३ चे प्रमाण चांगले असेल, तर स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फायदा दिसला. दोन्ही गोष्टी एकाच ताटातून आलेल्या.

तिथल्या आरोग्य यंत्रणेने काढलेला मार्ग शहाणपणाचा होता. स्तनपान सुरू ठेवा, हा सल्ला कायम राहिला. पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा बेलुगाच्या मांसातून येतो, हे लक्षात आल्यावर २०११ मध्ये मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना तेवढे मांस कमी खाण्यास सांगण्यात आले. पारा कमी आणि ओमेगा-३ भरपूर असलेला ‘आर्क्टिक चार’ हा स्थानिक मासा काही गावांत गर्भवतींना मोफत देण्याचा उपक्रमही राबवला गेला. नुसते ‘हे खाऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘त्याऐवजी हे घ्या’ म्हणत हातात मासा देणे केव्हाही परिणामकारक.

दगडात कोरलेली आई

पण हा सगळा सल्ला म्हणजे लक्षणांवरचा उपचार. मूळ कारण हजारो किलोमीटर दूर होते आणि त्यावर इनुइट मातेचा काहीच ताबा नव्हता. त्यासाठी देशादेशांत करार होणे भाग होते.

सुरुवात १९९१ मध्ये फिनलंडमधील रोव्हानिएमी येथे झाली. ध्रुवाभोवतीच्या आठ देशांनी, त्यात अमेरिका आणि त्या वेळचा सोव्हिएत संघही होता, पर्यावरण रक्षणाचा समान कार्यक्रम स्वीकारला. प्रदूषणाच्या मोजणीसाठी ‘अ‍ॅमॅप’ ही कायमस्वरूपी यंत्रणा उभी राहिली. हवा, बर्फ, मासे, अस्वले आणि माणसांचे रक्त यांची वर्षानुवर्षे मोजमापे घेतली जाऊ लागली. १९९६ मध्ये आर्क्टिक परिषद स्थापन झाली आणि तिच्या टेबलावर मूलनिवासी संघटनांना कायमची जागा मिळाली.

या मोजमापांच्या बळावर जागतिक कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. १९९९ मध्ये नैरोबी येथील फेरीत इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख क्लाउस टॉपफर यांना दगडात कोरलेली आई व बाळाची मूर्ती भेट दिली. पुढील फेऱ्यांमध्ये ती मूर्ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलेली असे. आकडेवारीवर वाद घालणाऱ्या प्रतिनिधींना आपण कोणाबद्दल बोलत आहोत, हे तिच्यामुळे विसरता येत नव्हते.

मे २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला आणि २००४ मध्ये तो लागू झाला. सुरुवातीला त्यात १२ रसायने होती. आता ही संख्या ३० च्या पुढे गेली आहे. आर्क्टिकमधील मूलनिवासींचे पारंपरिक अन्न दूषित होणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे कराराच्या प्रास्ताविकेतच नोंदवले आहे. एखादे रसायन यादीत घालायचे की नाही हे ठरवताना ‘ते दूरवर प्रवास करते का?’ हा प्रश्न विचारला जातो. ज्या जागी त्याचा वापरच नाही, अशा ध्रुवप्रदेशात ते सापडणे हा त्याचा ठळक पुरावा ठरतो.

परिणाम झाला का? झाला. नुनाविकमधील गर्भवतींच्या रक्तातील पीसीबी आणि डीडीटीच्या अवशेषांचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहून जास्त खाली आले आहे. सार्वजनिक आरोग्यात इतके स्पष्ट यश क्वचित दिसते. मात्र त्याला तीन दशके लागली. अमेरिका व कॅनडाने पीसीबीवर १९७० च्या दशकातच निर्बंध आणले होते, हे लक्षात घेतले तर आणखी जास्त.

पारा मात्र चिवट

पाऱ्याची गोष्ट अजून संपलेली नाही. कोळसा जाळल्यावर आणि छोट्या खाणींत पारा वापरून सोने काढताना त्याची वाफ हवेत जाते आणि महिनोन्‌महिने तरंगत राहते. ध्रुवावर वसंतात सूर्य उगवला की समुद्री बर्फातून निघणाऱ्या ब्रोमीनमुळे हा पारा हवेतून खाली उतरतो. पुढे सूक्ष्म जीव त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. मेंदूला बाधतो तो हा पारा. तो आईच्या वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो.

पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला. पण तापमानवाढीने नवी अडचण उभी केली आहे. हजारो वर्षे गोठलेली जमीन वितळू लागली असून तिच्यात साठलेला पारा नद्यांत उतरू शकतो. त्यातच २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे आर्क्टिक परिषदेचे काम काही काळ थांबले. ते हळूहळू सुरू झाले असले, तरी रशियाबरोबरचे सहकार्य पूर्ववत झालेले नाही. आर्क्टिकच्या किनाऱ्याचा निम्मा भाग रशियाचा आहे. तिथले आकडे मिळाले नाहीत, तर निम्मे शरीर झाकून रुग्ण तपासण्यासारखे होईल.

आपण इथे काय करायचे?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून आहे आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालतो. भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे. २०२२ मध्ये आपण स्वतःचे आर्क्टिक धोरणही जाहीर केले. स्टॉकहोम आणि मिनामाता या दोन्ही करारांना भारताची मान्यता आहे.

२०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत क्लोरपायरीफॉस आले, काही वापरांना सवलत ठेवून. आपल्याकडे हे नाव शेतकऱ्याला ठाऊक आहे आणि घराला वाळवी लागली की शहरातही ऐकू येते. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात आम्ही याच गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेचे रुग्ण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणजे ध्रुवावरच्या आईसाठी घेतलेला हा निर्णय आधी आपल्या फवारणी करणाऱ्या मजुराच्या उपयोगाचा आहे. सवलतींची मुदत संपेपर्यंत वाट न पाहता पर्याय शेतकऱ्याच्या हाती परवडणाऱ्या दरात पोहोचले पाहिजेत. पर्याय न देता बंदी घातली, तर ओझे पुन्हा सर्वांत गरिबावरच पडेल.

घरच्या घरी लक्षात ठेवण्यासारख्या चार गोष्टी सांगतो. वाळवीचे किंवा कीटकांचे औषध मारून घेताना त्याचे नाव विचारा. घरात गर्भवती किंवा तान्हे बाळ असेल, तर त्यांना त्या काळात दुसरीकडे ठेवा. नवा थर्मामीटर घेताना डिजिटल घ्या. पाऱ्याचा फुटलाच, तर खिडक्या उघडा, पारा हाताने गोळा करू नका, झाडूने पसरवू नका. जाड कागदाच्या कडेने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा. आणि गर्भवतींनी मासे सोडू नयेत. बांगडा, तारली यांसारखे लहान मासे खावेत, मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत.

राहिला प्रश्न स्तनपानाचा. दुधात रसायने सापडल्याच्या बातम्या आपल्याकडेही अधूनमधून येतात आणि नव्या आया घाबरून विचारतात. त्यांना नुनाविकच्या डॉक्टरांनी दिले तेच उत्तर मी देतो: बाळाला निर्धास्तपणे पाजा. दूध स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी रसायन बनवणाऱ्यांची, ते वापरणाऱ्यांची आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारांची आहे.