उलट्या भिंगातून

कोणत्याही हौसेला एक रोग जडतोच. हात बसला की डोळा झोपतो. आख्यान तोंडपाठ झालेला कीर्तनकार गाता गाता मनातल्या मनात वाण्याचा हिशेब करू लागतो. तीच गत छायाचित्रकाराची. गेली बारा वर्षे मी ‘मॅक्रो’च्या, म्हणजे बारीक वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढण्याच्या नादी लागलो आहे. जास्वंदीचे परागकण, अळूच्या पानावरचा थेंब आणि फुलपाखराचा पंख हे माझे तीन ठरलेले विषय. परवा आमच्या सौभाग्यवतींनी संग्रह चाळता चाळता सहज विचारले, “अहो, हा थेंब यंदाचा की गेल्या वर्षीचा?” मला काही सांगता येईना!

मग मी एक पण केला. वर्षभर ओळखीचा विषय घ्यायचा नाही आणि सरावाची रीत वापरायची नाही. त्या वर्षाची ही हकीकत.

वाचकांपैकी ज्यांचा या विद्येशी संबंध आला नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर पडली की ते खरे मॅक्रो. पाच मिलिमीटरची मुंगी सेन्सरवरही पाच मिलिमीटरचीच उमटली पाहिजे. पण इतक्या जवळ गेले की दोन संकटे उभी राहतात. एक, स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा उरतो. मुंगीचा डोळा रेखीव आला तर मिशा धुक्यात जातात. दुसरे, प्रकाश आटतो. मूळ मापाच्या प्रतिमेला नेहमीच्या चौपट प्रकाश लागतो. या विद्येतल्या बहुतेक युक्त्या या दोन संकटांतून वाट काढण्यासाठीच निघाल्या आहेत.

पहिला प्रयोग अगदी स्वस्तातला होता. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याचे एक भिंग माळ्यावर पडून होते. बाजारातून एक धातूची कडी आणली आणि ते भिंग कॅमेऱ्यावर चक्क उलटे बसवले. दूरचे दृश्य छोट्या फिल्मवर उतरवण्यासाठी केलेले भिंग उलटे धरले की छोटी वस्तू मोठी करून दाखवते, इतके हे सोपे आहे. मौज अशी की भिंग जितके रुंद दृश्य घेणारे, तितके ते उलटे लावल्यावर अधिक मोठे करते. पन्नास मिलिमीटरचे भिंग मूळ मापाच्या जवळपास पोचते. अठ्ठावीसचे त्याच्या दुपटीच्या आसपास जाते.

या उलट्या भिंगासमोर पहिला आला तो आमच्या खिडकीतला उड्या मारणारा कोळी. तांदळाच्या दाण्याएवढा जीव. मी सरकलो तसा तोही वळला आणि आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन टपोरे डोळे त्याने माझ्यावर रोखले. जाळ्यात बसून राहणाऱ्यांतला हा नव्हे, नजरेने शिकार करणारा. तेव्हा माझी पाहणी करणे त्याला भागच होते. बारा वर्षांत माझ्या एकाही फुलाने मला असे न्याहाळले नव्हते!

येथे एक मोह पडतो. जाणकार मंडळी वीस-तीस फोटो काढतात, प्रत्येकात स्पष्टतेचा पट्टा केसभर पुढे सरकवतात आणि संगणकावर सारे एकत्र करून एक नखशिखांत रेखीव चित्र उभे करतात. त्यासाठी विषय निश्चल हवा. म्हणून कोणी किडे फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात, कोणी मारूनच घेतात. मला ते मानवले नाही. मी मार्गशीर्षातल्या पहाटेची वाट पाहिली. सूर्य वर येईपर्यंत चतुर गवताच्या काडीला गारठून चिकटून बसतो. गारठवण्याचे काम थंडी फुकट करते, आणि उन्हे आली की तो आपल्या वाटेने उडून जातो. चित्र मिळते आणि चतुरही उरतो.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेने होत असतात. पडदा पांढरा करून त्यासमोर कॅमेरा ठेवावा, भिंगावर ध्रुवणाची काच चढवून ती फिरवावी; एका ठिकाणी पडदा काळाकुट्ट होतो. आता मध्ये मुलांची प्लॅस्टिकची पट्टी धरा. काळोखात इंद्रधनुष्य उमटते! साच्यात ओतताना त्या प्लॅस्टिकला बसलेले ताण रंगांच्या रूपाने दिसू लागतात.

मग मी काचपट्टीवर एकेक द्रावणाचा थेंब वाळवायचा सपाटा लावला. लिंबाचे सत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक अॅसिड मोराच्या पिसाऱ्यासारखे फुलले. साखरेचे कणही रंगांत न्हाले. मीठ मात्र काळे ते काळेच! त्याचा स्फटिक चौरस घडणीचा, सर्व दिशांनी सारखा. त्यामुळे तो प्रकाशाला वळण देत नाही. डोळ्यांना मीठ आणि साखर सारखीच दिसतात. या उजेडात मात्र चूक होणे शक्य नाही.

या नादात मला दोन माणसांचा मोठा आधार वाटला. दोघांचाही जन्म १८६५ सालचा. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा विल्सन बेंटली हा शेतकरी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा पहिला फोटो घेतला आणि आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक घेतले. दुसरे बर्लिनचे कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट. विद्यार्थ्यांना आकार शिकवता यावेत म्हणून ते कोंब, काटे, कळ्या मोठ्या करून टिपत राहिले. १९२८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा कुठे जगाला त्यांचे नाव कळले. दोघांचीही साधने मोठ्या अंशी घरी जमवलेली आणि विषय लोकांनी रोज तुडवलेले.

तिसरा प्रयोग मात्र बेताबेताने करावा लागला. जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, प्रकाशात विंचू हिरवट निळा चमकतो, असे वाचले होते. त्याच्या कवचात तशी द्रव्ये असतात. ऐन उन्हाळ्यात महाडकडच्या एका खेड्यात नात्यातल्या घरी गेलो होतो. रात्री गमबूट चढवले, तशी बॅटरी घेतली आणि परसातल्या गडग्याकडे निघालो. घरचे आबा पडवीतून ओरडले, “अहो भाऊ, त्याचा फोटो कसला काढता? आधी ठेचा!”

बॅटरी लावली मात्र, आणि जांभ्या दगडांच्या फटीतून एक, दोन, पाच हिरवे दिवे लागले. तिकाटणे मांडले, मोठा उजेड बंद केला आणि हातभर दूर राहून दोन-दोन सेकंदांचे फोटो घेतले. विंचू जागचा हलला नाही. भीती वाटत होती हे खरे. पण चित्रात त्याच्या नांगीवरचे केस मोजता येतील इतके स्पष्ट आले.

कोकणातला लाल विंचू थट्टेचा विषय नाही. एके काळी त्याच्या दंशाने कितीतरी जीव, विशेषतः मुले, दगावत. महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते चित्र पालटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही दंश झाला की तडक दवाखाना गाठणे हाच उपाय.

फोटो पाहून आबा गप्प झाले. त्यांच्या सूनबाईंनी मात्र बॅटरी मागून घेतली आणि सरपणाची रास, न्हाणीचा कोपरा, मुलांच्या चपला, सारे एकदा फिरवून पाहिले. सरपणात दोन निघाले. सकाळी त्या म्हणाल्या, “भाऊजी, फोटो तुम्ही न्या, पण ही बॅटरी इथंच राहू दे.”

मी ती तिथेच ठेवली. फक्त बजावून सांगितले की हिचा झोत कोणाच्या डोळ्यांत मारायचा नाही, आणि नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही. तेव्हा चपला झटकायची जुनी सवय सोडू नका. बारा वर्षांच्या थेंबांनी आणि पंखांनी ‘छान’ एवढीच दाद मिळवली होती. त्या एका रात्रीच्या उजेडाचा मात्र एका घराला उपयोग झाला.

तेव्हा मंडळी, घरात कॅमेरा असेल आणि हात बसलेला असेल, तर यंदाच्या दिवाळीत एक भिंग उलटे लावून पाहा. विषय शोधायला लांब जायला नको. फराळाच्या डब्यातला अनारसा घ्या आणि त्यावरची खसखस बघा. खाऊन टाकण्यापूर्वी त्या प्रत्येक दाण्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी विणलेली आढळेल.