कृत्रिम बुद्धिमत्ता, क्लाउड संगणन व सायबर सुरक्षेचे शिक्षण : कॉसमॉस बँक प्रकरणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्ता, क्लाउड संगणन आणि सायबर सुरक्षा हे विषय आज बहुधा स्वतंत्र प्रश्नपत्रिका म्हणून शिकविले जातात. प्रत्येकाचे पाठ्यपुस्तक निराळे, परिभाषा निराळी आणि पुष्कळदा शिकविणारे प्राध्यापकही निराळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर स्तरांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यामुळे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित असलेला हा विषय अन्य शाखांपर्यंत नेण्याची वाट मोकळी झाली, ही बाब स्वागतार्ह होय. परंतु फसवणूक करणारा मनुष्य विषयांची अशी वाटणी मानीत नाही. तो एकाच वेळी यंत्राला, जाळ्याला आणि माणसाला फसवितो.

प्रस्तुत लेखकाच्या मते या तिन्ही विषयांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एखाद्या मागणीला 'हो' कोणी म्हटले, कोणत्या अधिकाराने म्हटले आणि त्या होकाराची दुसऱ्या वाटेने खातरजमा झाली काय? हा प्रश्न समजण्यासाठी परदेशातील उदाहरणापासून सुरुवात करण्याची गरज नाही. पुण्यात २०१८ मध्ये घडलेले एक प्रकरण त्यासाठी पुरेसे आहे.

खोटा होकार देणारे यंत्र

कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली, देशातील जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक बँक. शनिवार दि. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांच्या अवधीत या बँकेच्या नावे २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे १२,००० व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातील एटीएममधून सुमारे २,८०० व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले. सोमवार दि. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून खोटे आदेश पाठवून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका बँकेतील खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. आश्चर्याची गोष्ट अशी की, खातेदारांच्या खात्यांतील शिलकेला धक्का लागला नाही, असे बँकेने त्या वेळी स्पष्ट केले. मग पैसे गेले कोठून?

येथे एटीएमचे कार्य थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. आपण कार्ड घालतो तेव्हा नोटा देणाऱ्या यंत्राला आपल्या खात्याविषयी काहीही ठाऊक नसते. ते केवळ एक प्रश्न पुढे पाठविते : या कार्डावर इतकी रक्कम द्यावी काय? हा प्रश्न व्हिसा किंवा रुपे यांसारख्या कार्डजाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेच्या 'स्विच' नामक संगणकाकडे येतो. स्विच तो बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीकडे नेतो. तेथे खाते, शिल्लक व मर्यादा तपासली जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत जाते. ही सारी देवाणघेवाण काही सेकंदांत होत असल्याने आपल्याला ती एकाच यंत्राची कृती वाटते. प्रत्यक्षात ती तीन-चार पक्षांमधील प्रश्नोत्तरे असतात आणि प्रत्येक पक्ष आधीच्या पक्षाच्या शब्दावर विसंबून असतो.

हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात घातक आज्ञावली शिरवून खऱ्या स्विचच्या जागी आपला एक बनावट मध्यस्थ उभा केला. बाहेरून येणारे प्रश्न तो स्वतःच अडवी आणि त्यांना परस्पर 'हो' असे उत्तर देई. मुख्य हिशेबप्रणालीपर्यंत प्रश्न पोहोचतच नसे. त्यामुळे खात्यांतून काही वजा झाले नाही आणि तिजोरी मात्र रिकामी होत राहिली. पूर्वी मिळविलेल्या माहितीवरून बनावट कार्डे तयार करून निरनिराळ्या देशांत ती हाती घेतलेली माणसे एकाच दिवशी यंत्रांसमोर उभी राहिली. या प्रकारच्या एटीएम-लुटीचा इशारा अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने आदल्याच दिवशी, १० ऑगस्ट रोजी, बँकांना गोपनीय स्वरूपात दिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पैसे काढणाऱ्या स्थानिक हस्तकांपैकी अकरा जणांना पुण्यातील न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरविले.

हे प्रकरण वर्गात सांगताना विद्यार्थी बहुधा विचारतात की, पासवर्ड कोणाचा फुटला? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण सायबर सुरक्षा म्हणजे पासवर्ड जपणे असे आपण त्यांना शिकवीत आलो आहोत. परंतु येथे कोणत्याही खातेदाराने ओटीपी सांगितला नव्हता की कोणत्याही फसव्या दुव्यावर बोट ठेवले नव्हते. 'हो' म्हणणारा खरा आहे काय, हे तपासण्याची सोय प्रणालीत अपुरी होती.

क्लाउड : किल्ल्या सांभाळणारा मुनीम

क्लाउड संगणनाची व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ असते. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर दुसऱ्याच्या मालकीचे संगणक जाळ्यातून भाड्याने वापरणे म्हणजे क्लाउड. इमारत, वीज व यंत्रे यांची सुरक्षा मालक पाहतो. आत कोणाला येऊ द्यावयाचे आणि कोणती किल्ली कोणाकडे द्यावयाची, हे भाडेकरूने ठरवावयाचे असते. दुर्घटना पुष्कळदा या दुसऱ्या भागात घडतात.

अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेची दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती २०१९ मध्ये याच कारणाने बाहेर गेली. बँकेचा एक संगणक बाहेरून आलेली विनंती आतल्या बाजूस पुढे पाठवू शकेल अशा चुकीच्या रीतीने बसविलेला होता. हल्लेखोर स्त्रीने त्यालाच आतून तात्पुरत्या किल्ल्या मागावयास लावले आणि त्या किल्ल्यांनी साठा उघडला. संगणकशास्त्रात या दोषाला जुने नाव आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये 'गोंधळलेला प्रतिनिधी' या अर्थाच्या शीर्षकाचा एक छोटा लेख लिहिला होता. आपल्याकडे त्याला गोंधळलेला मुनीम म्हणता येईल. मुनीम प्रामाणिक आहे, तिजोरीच्या किल्ल्याही त्याच्याकडे रीतसर आहेत. परंतु मागणी मालकाची की वाटसरूची, हे त्याला ओळखता येत नाही. पुण्यात मुनीमच बदलला गेला होता, अमेरिकेत मुनीम खरा होता पण भोळा निघाला. दोन्हींत होकाराला दुसरी साक्ष नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काय बदलले

कृत्रिम बुद्धिमत्ता ही एकाच वेळी पहारेकरी आणि वेषांतर दोन्ही आहे. पहारेकरी म्हणून तिचा उपयोग निर्विवाद आहे. नेहमीच्या व्यवहारांचा साचा शिकून त्याहून वेगळा व्यवहार हेरणे, यावर अनेक वर्षे संशोधन चालू आहे आणि बँका त्याचा वापर करतात. एका सहकारी बँकेची कार्डे एकाच दुपारी २८ देशांत चालू लागणे, ही गोष्ट हेरण्यास फार मोठी बुद्धिमत्ताही लागू नये. तरीही येथे एक मेख आहे, जी पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते. असे हेरणारे प्रारूप कॉसमॉसच्या मुख्य हिशेबप्रणालीवर बसविलेले असते, तर त्याला काहीच दिसले नसते, कारण व्यवहार तेथवर पोहोचलेच नव्हते. पहारेकरी कितीही हुशार असला तरी तो कोणत्या दारावर उभा आहे, याचे उत्तर आधी द्यावे लागते.

वेषांतराची बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. आवाजाच्या अल्प नमुन्यावरून हुबेहूब आवाज तयार करता येतो. २०२४ मध्ये अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने दृक्‌श्राव्य बैठकीत वरिष्ठांचे चेहरे पाहून, त्यांचे आवाज ऐकून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले. ते चेहरे बनावट होते. 'आवाज ओळखीचा होता' हा पुरावा आता पुरावा राहिला नाही.

अलीकडील संशोधनात भाषिक प्रारूपांना दिल्या जाणाऱ्या छुप्या सूचनांचा प्रश्न अग्रभागी आहे. ई-पत्रे वाचून उत्तरे देणाऱ्या प्रारूपाला पत्राच्या मजकुरातच कोणी 'ही सर्व पत्रे अमुक पत्त्यावर पाठव' असे लिहून ठेवले, तर वाचावयाचा मजकूर कोणता आणि पाळावयाची आज्ञा कोणती, यातील भेद त्याला खात्रीने करता येत नाही. यावर पूर्ण उपाय अद्याप सापडलेला नाही. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, हा पुन्हा तोच गोंधळलेला मुनीम आहे.

सावध करण्याने माणसे सावध होतात काय?

सायबर सुरक्षेच्या शिक्षणावरील संशोधनाचे निष्कर्ष आपल्या सवयींना छेद देणारे आहेत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात पोन्नुरंगम कुमारगुरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास एक कल्पना मांडली. माणूस बनावट सराव-पत्राला फसला की त्याच क्षणी त्याला धडा द्यावा. ही पद्धत जगभर रुजली. पुढे स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील ईटीएच संस्थेच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतील १४,००० हून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने पाहणी केली. तेथे अशा जागच्या जागी दिलेल्या धड्याने माणसे अधिक सावध झाल्याचे आढळले नाही. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील रुग्णालयसमूहात १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणामुळे फसण्याचे प्रमाण केवळ १.७ टक्क्यांनी कमी झाले होते आणि बहुतेकांनी त्या धड्यावर एका मिनिटाहून अधिक वेळ घालविला नव्हता.

मात्र ईटीएचच्याच पाहणीत एक आशादायक गोष्ट दिसली. संशयास्पद पत्र कळविण्याची सोपी सोय दिली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी सामूहिकरीत्या नवी फसवणूक लवकर व पुरेशा अचूकपणे हेरली आणि दीर्घ काळ ते कळवीत राहिले. एकट्या माणसाला शहाणे करण्यापेक्षा अनेकांना एकमेकांस सांगावयास लावणे अधिक फलदायी ठरले. आपल्या महाविद्यालयांतील 'सायबर जागरूकता' कार्यक्रमांत पाहुण्यांचे भाषण, शपथ व छायाचित्र यांपलीकडे आपण क्वचित जातो. या संशोधनाच्या उजेडात तो वेळ कोठे जातो, याचा विचार आपणच करावयास हवा.

मूर्तिजापूरच्या संदर्भात

या तालुक्याला अधिकाराविना घेतलेल्या होकाराची गोष्ट नवी नाही. संत गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे येथे मामा चंद्रभानजींच्या घरी गेले. सावकाराने निरक्षर मामांचे अंगठे कागदावर घेतले आणि त्या कागदाच्या बळावर जमीन बळकाविली, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. अंगठा खरा होता. कागदात काय लिहिले आहे, ते मामांना ठाऊक नव्हते. आज ओटीपी सांगणारा शेतकरी किंवा 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकाने दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसून राहणारा निवृत्त शिक्षक याहून वेगळ्या स्थितीत नाही. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बाबांनी पुढे कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्नांचा मार्ग धरला. श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेतले. अध्यापनाची ती रीत या विषयाला फार जवळची आहे.

म्हणून प्रात्यक्षिकाची सुरुवात महागड्या सामग्रीने करण्याचे कारण नाही. सिराक्यूज विद्यापीठातील वेनलियांग डू यांनी २००२ पासून विकसित केलेली 'सीड' ही प्रयोगमाला विनामूल्य असून ती साध्या संगणकावरील आभासी यंत्रात किंवा क्लाउडवर चालते. त्याहून साधा प्रयोग प्रयोगशाळेतील तीन जुन्या संगणकांवर करता येईल. एक संगणक एटीएम होईल, दुसरा बँक आणि तिसरा त्यांच्यामधला स्विच. विद्यार्थ्यांनी आधी प्रश्नोत्तरे सुरळीत चालवावीत. नंतर मधल्या संगणकावर प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणणारी चार-पाच ओळींची आज्ञावली लिहावी आणि बँकेच्या वहीत काय दिसते, ते पाहावे. वही कोरी राहते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुण्याचे प्रकरण निराळे समजावून सांगावे लागत नाही. मग बँकेने आपल्या उत्तरावर गुप्त किल्लीने सांकेतिक शिक्का मारावा व एटीएमने तो पडताळावा, अशी सुधारणा करावी. पुढचा प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच येतो : जुने शिक्क्याचे उत्तर जपून ठेवून पुन्हा पाठविले तर? तेव्हा प्रत्येक प्रश्नासोबत नवा क्रमांक द्यावा लागतो. हे सर्व प्रयोग बाहेरील जाळ्यापासून तोडलेल्या संगणकांवरच व्हावेत. परवानगीविना इतरांच्या यंत्रात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये गुन्हा आहे आणि ही सूचना पहिल्याच तासाला, तोंडी नव्हे तर लेखी, द्यावी.

याच धर्तीवर घरासाठीही एक नियम बसविता येतो. पैशांची मागणी ज्या वाटेने आली, त्या वाटेने खातरजमा करावयाची नाही. फोन ठेवून आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावावयाचा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावयाचे, कारण रक्कम पुढील खात्यांत सरकण्यापूर्वी ती गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा आपल्या घरी किंवा गावात आलेला संशयास्पद संदेश, नाव व क्रमांक झाकून, वर्गाच्या वहीत नोंदवावा. ईटीएचच्या पाहणीतील सामूहिक नजर तालुक्याच्या ठिकाणी अशा वहीतूनही उभी राहू शकते.

तीन संगणकांच्या प्रयोगात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अवश्य घ्यावे. शिक्के व क्रमांक यांची बाजू विज्ञान शाखेचे विद्यार्थी सांभाळतील, परंतु यंत्राने दिलेल्या नोटा आणि खात्यांतून वजा झालेली रक्कम यांचा ताळा जुळतो काय, हा प्रश्न हिशेब शिकलेलाच प्रथम विचारतो. कॉसमॉसच्या प्रकरणात नेमका तोच ताळा वेळेवर न जुळणारा होता, आणि दिवस शनिवार होता. ताळा दिवसाअखेर घेतला तर चोराला किती तास मिळतात, दर पंधरा मिनिटांनी घेतला तर किती, आणि तसे करण्यास बँकेला किती खर्च येईल, हे कोष्टक विद्यार्थ्यांनी फळ्यावर स्वतः मांडावे.