काका, दहा झाले

पहाटेचे सव्वासहा. निफाडहून चापडगावकडे येताना दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि बागांतून धूर. थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून रात्री पेटवलेल्या शेकोट्या आता नुसत्या धुमसताहेत. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात झळकतो, तो उगाच नाही. माझी बोटं बधिर आहेत. हातमोजे घरी, खुंटीला.

नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या फाटकाशी पाच-सहा गाड्या आणि शाळेची एक बस. तिकिटाला रांग. आमचा गाईड गावातलाच पोरगा, कानाला मफलर. "सर, गाडीचं दार हळू लावा." पहिली सूचना हीच.

धुकं इतकं, की पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. कुठंतरी अडईची शीळ. वारकरी पक्ष्यांची कुरकुर. मग एकदम डुबुक. दवानं भिजलेल्या गवतातून बूट ओले करत आम्ही बांधावरून चालतो.

"हे सगळं गाळावर आहे सर," पोरगा हलक्या आवाजात सांगतो. गोदावरी-कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा झाला. पाण्याबरोबर गाळही अडला. त्याची बेटं झाली, पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या खात्यात हा तोटाच. पण थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच चालते ती असल्याच उथळ पाण्यात. 1986 मध्ये अभयारण्य झालं. पुढं राज्यातली पहिली रामसर करारातली पाणथळ जागा हीच, 1437 हेक्टरांची.

पोरगा हात आडवा धरतो. थांबा.

दहा पावलांवर जांभळी पाणकोंबडी. निळं-जांभळं अंग, कपाळापर्यंत लाल चोच. लव्हाळ्याचा कोवळा कोंब ती उपटते, लांब बोटांच्या मुठीत धरते आणि आपण ऊस सोलावा तसा सोलून खाते. शेपटी दर पावलाला उडते, खालचा पांढरा ठिपका लुकलुकतो. फोटो काढायचं राहूनच जातं.

मनोऱ्यावर पुन्हा रांग. दुर्बीण एक, पोरं चाळीस. प्रत्येकाच्या पाळीला बाई दहापर्यंत आकडे मोजताहेत. "तलवार बदक दिसलं?" "शेपटी दिसली!" ते मध्य आशियाच्याही पलीकडून आलंय म्हटल्यावर एकजण विचारतो, "रात्री पण उडतं?" हो, रात्रीही.

ऊन येतं, धुकं फाटतं. पाण्यावर ठिपकेच ठिपके. तेवढ्यात पाणकणसावरून एक शिकारी पक्षी, भोवत्या, तरंगत येतो, आणि अख्खं पाणी उठतं. पंखांचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा. पोरं गप्प. बाईही मोजायच्या थांबतात. भोवत्या रिकाम्या पायानं पुढं जातो. बदकं एक चक्कर मारून पुन्हा पाण्यावर घसरतात.

माझा नंबर लागतो. डोळा लावतो तर श्वासाची वाफ काचेवर. रुमालानं पुसतो, पुन्हा लावतो. चक्रवाकांची जोडी, एकाची मान पंखात...

"काका, दहा झाले."