धुक्यात उजेड असतो, मग दिसत का नाही?

पावसाळ्यात लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या वाटेला लागणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. भर दुपार असते, धुके पांढरेशुभ्र उजळलेले असते आणि तरीही वीस पावलांवरचे झाड दिसत नाही. उजेडाची वाण नसताना दृष्टी का अडावी? कारण डोळ्याला प्रकाशाच्या प्रमाणापेक्षा शेजारशेजारच्या तेजांतील तफावत, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, अधिक महत्त्वाची वाटते.

घरात दिव्याखाली वाचलेले वर्तमानपत्र उन्हात नेऊन पाहा. उन्हातील काळ्या अक्षरांवरून डोळ्यांत येणारा प्रकाश घरातल्या पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशाहून कितीतरी पट अधिक असतो. तरीही अक्षर काळेच दिसते! कागद आणि शाई यांच्या तेजाचे परस्परप्रमाण दोन्हीकडे सारखेच राहते आणि डोळा तेवढेच पाहतो.

याची सुरुवात दृष्टिपटलातच होते. तेथे प्रकाशग्राही पेशी बारा कोटींच्या घरात, तर मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा-बारा लाख. सगळी माहिती पाठविणे अशक्यच. म्हणून उद्दीपित झालेल्या पेशी शेजारच्या पेशींचे संदेश दडपतात. एकसारख्या उजळ भागाची वार्ता त्यामुळे क्षीण होते, कडांची मात्र ठळक. केफर हार्टलाइन यांनी ही क्रिया नालखेकड्याच्या डोळ्यात दाखवून दिली. दृष्टीविषयक संशोधनासाठी १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

धुके नेमके या कडांवरच घाला घालते. पाण्याचे सूक्ष्म थेंब झाडाकडून येणारा प्रकाश वाटेत विखुरतात आणि त्यावर आकाशाच्या उजेडाचा पांढरा थर चढवितात. झाड आणि पार्श्वभूमी यांच्या तेजातील तफावत शेकडा दोन ते पाचच्या खाली गेली, की झाड दिसेनासे होते. रात्री गाडीचे प्रखर दिवे लावणारा चालक आपल्याच डोळ्यांपुढे हा थर अधिक दाट करतो, म्हणून धुक्यात दिवे खाली झुकलेले हवेत.

खरा धोका मात्र वस्तू पुसट दिसत असते तेव्हाचा. सह्याद्रीच्या रांगा पाहताना लांबचा डोंगर फिका, जवळचा गडद, हा हिशेब मेंदूने पक्का केलेला असतो. तोच हिशेब तो घाटातही लावतो. पुढची गाडी धूसर दिसली, की ती आहे त्यापेक्षा दूर भासते आणि ब्रेकवर पाय उशिरा जातो. एक्स्प्रेस वेच्या वेगात हा उशीर जिवावर बेतू शकतो. त्यातही दिवसाच्या धुक्यात काळी गाडी एक वेळ उठून दिसेल, पांढरी किंवा राखाडी गाडी धुक्यातच मिसळून जाते. मागचे लाल दिवे भर दुपारीही लावायचे ते याचसाठी.