व्यावसायिक बास्केटबॉलमधील धोकादायक फाउल आणि खेळाडूचे उत्तरदायित्व

प्रस्तावना

दि. १७ एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या (यापुढे एनबीए) बाद फेरीतील सामना चालू होता. यजमान सॅक्रामेंटो किंग्ज संघाचा डोमांटास सबोनिस जमिनीवर पडला आणि त्याने गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनचा घोटा धरला. ग्रीनने सबोनिसच्या छातीवर पाय देऊन पुढे झेप घेतली. पंचांनी चित्रफीत पाहून सबोनिसला टेक्निकल फाउल दिला व ग्रीनला सामन्यातून बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी ग्रीनवर एका सामन्याच्या निलंबनाची कारवाई झाली. किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले असून, याच संघाने ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळी येथे इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन प्रदर्शनीय सामने खेळले होते. त्यामुळे आपल्याकडील क्रीडारसिकांनी हा प्रसंग विशेष लक्ष देऊन पाहिला असल्यास नवल नाही.

निलंबनाची घोषणा करताना एनबीएने ग्रीनच्या पूर्वीच्या अखिलाडू वर्तनाचाही आधार घेतल्याचे स्पष्ट केले. शिक्षा केवळ त्या एका कृतीची नव्हती, तर कृती करणाऱ्याच्या इतिहासाचीही होती. पुढचा सामना ग्रीनविना खेळूनही वॉरियर्सने जिंकला आणि ती मालिकाही ४-३ अशी जिंकली. तेव्हा उत्तरदायित्व नेमके कोणाचे व कोणाप्रती, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

हेतू नव्हे, कृती

एनबीएने १९९०-९१ च्या हंगामापासून 'फ्लॅग्रंट फाउल' ही स्वतंत्र वर्गवारी नियमावलीत आणली. तिचे दोन स्तर आहेत. अनावश्यक शारीरिक संपर्क झाल्यास पहिला स्तर. तो संपर्क अनावश्यक असून शिवाय अतिरेकीही असल्यास दुसरा. दोन्ही प्रकारांत प्रतिस्पर्ध्यास दोन फ्री थ्रो व चेंडूचा ताबा मिळतो. दुसऱ्या स्तराच्या फाउलनंतर खेळाडूला मैदान सोडावे लागते. या व्याख्येत 'हेतू' हा शब्द कोठेही नाही, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पंचाने खेळाडूच्या मनात शिरावे अशी अपेक्षा नाही. त्याने संपर्काचे स्वरूप पाहावे.

या दृष्टिकोनाची कसोटी १४ मे २०१७ रोजी लागली. सॅन अँटोनियो स्पर्सचा क्वाय लेनर्ड उडी मारून चेंडू फेकत असताना वॉरियर्सचा झाझा पाचुलिया त्याच्या अगदी जवळ सरकला. खाली येताना लेनर्डचा पाय पाचुलियाच्या पायावर पडून घोटा मुरगळला. त्या वेळी स्पर्स संघ २३ गुणांनी पुढे होता; तो सामना त्याने १११-११३ असा गमावला आणि लेनर्ड उर्वरित मालिकेत खेळू शकला नाही. पंचांनी साधा फाउल दिला होता. पाचुलियाने हेतुपुरस्सर पाय घातला काय, यावर पुष्कळ वाद झाला. एनबीएने त्या वादात न पडता पुढील हंगामापासून, उडी घेतलेल्या खेळाडूची उतरण्याची जागा बेदरकारपणे व्यापणे हे चित्रफितीच्या आधारे फ्लॅग्रंट फाउल ठरविण्याचा अधिकार पंचांना दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा बदल अत्यंत योग्य होता. हवेत असलेला खेळाडू स्वतःला सावरू शकत नाही. म्हणून काळजी घेण्याचे कर्तव्य जमिनीवर पाय असलेल्या खेळाडूकडे जाते.

इतिहासाचा हिशेब ठेवण्याची रीतही येथे पाहिली पाहिजे. पहिल्या स्तराच्या फाउलला एक व दुसऱ्या स्तराच्या फाउलला दोन दोषगुण नोंदले जातात. बाद फेरीत हे दोषगुण तीनपेक्षा अधिक झाले की निलंबन आपोआप लागू होते. २०१६ च्या अंतिम मालिकेत ग्रीन याच नियमामुळे पाचव्या सामन्यास मुकला. तोपर्यंत ३-१ अशी आघाडी घेतलेला त्याचा संघ क्लीव्हलँडकडून ती मालिका ३-४ अशी हरला. एका सामन्याच्या निलंबनाचे मोल २०१६ मध्ये आणि २०२३ मध्ये इतके वेगळे पडले!

जखमी खेळाडू कोठे आहे?

३ मे २०२२ रोजी मेम्फिसच्या डिलन ब्रुक्सने केलेल्या फाउलमुळे वॉरियर्सच्या गॅरी पेटन (द्वितीय) याच्या कोपराचे हाड मोडले. ब्रुक्सला त्या सामन्यातून काढले व आणखी एका सामन्यापुरते निलंबित केले. पेटन मात्र सुमारे एक महिना खेळू शकला नाही. जखमी खेळाडू परतेपर्यंत दोषी खेळाडूनेही बाहेर बसावे, अशी सूचना अशा प्रसंगी वारंवार केली जाते. ती भावनेला पटणारी असली तरी न्याय्य वाटत नाही. तोच धक्का एकाला खरचटवतो व दुसऱ्याचे हाड मोडतो. शिक्षा योगायोगावर सोपवता येत नाही. शिवाय संघाने एखाद्या सामान्य खेळाडूचे पुनरागमन लांबवून प्रतिस्पर्ध्याच्या प्रमुख खेळाडूस बाहेर ठेवणे अशक्य नाही.

तथापि या सूचनेमागील तक्रार खरी आहे. फ्री थ्रो मिळतात ते संघाला. दंडाची रक्कम धर्मादाय कार्यास जाते. वीसपेक्षा कमी सामन्यांच्या निलंबनात प्रत्येक सामन्यामागे वार्षिक वेतनाचा १४५ वा भाग कापला जातो. तोही जखमी व्यक्तीकडे जात नाही. म्हणजे खेळाडू लीगला उत्तरदायी आहे, स्वतःच्या संघालाही काही अंशी आहे. ज्याला इजा झाली त्याला नाही.

त्याचे उत्तर एकदा न्यायालयात शोधले गेले. ९ डिसेंबर १९७७ रोजी लॉस एंजलिस लेकर्सच्या कर्मिट वॉशिंग्टनने, भांडणाच्या दिशेने धावत येणाऱ्या ह्यूस्टन रॉकेट्सच्या रूडी टॉमयानोविचच्या चेहऱ्यावर ठोसा मारला. चेहऱ्याची व कवटीची हाडे मोडून टॉमयानोविचचा जीव धोक्यात आला. वॉशिंग्टनला ६० दिवसांचे, म्हणजे २६ सामन्यांचे निलंबन व १०,००० डॉलर दंड झाला. टॉमयानोविचने दावा लावला तो वॉशिंग्टनवर नव्हे, तर लेकर्सची मालकी असलेल्या कंपनीवर. १९७९ मध्ये ज्यूरीने ३० लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. पुढे अपिलाच्या टप्प्यावर तडजोड झाली. खेळाडूला आवर घालणे हे संघाचे काम होते, हा त्या दाव्याचा गाभा.

भारतीय कायदा आणि आपली मैदाने

आपल्याकडे या प्रश्नाचे सूत्र बास्केटबॉलचा शोध लागण्याच्याही आधीचे आहे. भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ८७ खाली तलवारबाजीचे उदाहरण दिलेले होते: दोघे मौजेखातर तलवारबाजी करण्याचे ठरवतात, तेव्हा नियमाला धरून खेळताना होणाऱ्या इजेस दोघांची संमती गृहीत धरली जाते. दि. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये हीच तरतूद आहे. तिला दोन मर्यादा आहेत. जबर दुखापत करण्याचा हेतू, किंवा तशी दुखापत होण्याचा संभव असल्याची जाणीव असेल, तर संमतीचा बचाव टिकत नाही, आणि हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापतच होय. दुसरे म्हणजे, ही संमती अठरा वर्षांवरील व्यक्तीची असावी लागते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या संघातील बहुतेक मुले सोळा-सतरा वर्षांची असतात, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अर्थात मैदानावरील प्रत्येक धक्क्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी, असे सुचविण्याचा येथे उद्देश नाही.

डोंबिवली-कल्याण परिसरातील महाविद्यालयांचे संघ मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. तेथे एनबीएसारखे वेतन नाही, त्यामुळे वेतनकपात नाही; चित्रफितीची सोय नाही; जखमी विद्यार्थ्याच्या उपचाराचा खर्च बहुधा त्याच्या घरच्यांवरच पडतो. टॉमयानोविच दाव्यातील सूत्र येथे लावल्यास, संघ पाठविणारे महाविद्यालय केवळ प्रवासभत्ता देऊन मोकळे होऊ शकत नाही. सामन्यापूर्वी खेळाडूंचा अपघात विमा उतरविणे आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या फाउलमुळे झालेल्या इजेसही लागू आहे याची खात्री करणे, एवढे तरी शारीरिक शिक्षण संचालकांच्या व प्राचार्यांच्या हाती आहे.

इतिहासाच्या नोंदीची साधनेही आपल्यापाशी आहेत. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या २०२४ च्या नियमावलीनुसार अखिलाडू फाउल स्कोअरशीटवर 'यू' या अक्षराने नोंदवला जातो, असे दोन फाउल झाल्यास खेळाडू सामन्यातून बाद होतो, आणि थेट बाद करणाऱ्या फाउलचा अहवाल पंचांनी स्पर्धेच्या आयोजकांकडे पाठवावयाचा असतो. कबड्डीतही हिरवे, पिवळे व लाल कार्ड गुणपत्रिकेवर चढते. प्रत्येक स्पर्धेनंतर या नोंदी खेळाडूच्या नावाने एकत्र केल्या, तर पुढील वर्षी संघनिवडीच्या वेळी त्या निवड समितीसमोर ठेवता येतील. त्यासाठी एक वही व ती सांभाळणारा एक अध्यापक पुरे.