ओ की ठो न कळता पाठ झालेली गाणी

१९५९ च्या सुरुवातीला लास व्हेगसच्या थंडरबर्ड हॉटेलात तीन कोरियन मुली गायला उभ्या राहिल्या. सूक-जा आणि आय-जा सख्ख्या बहिणी, मिन-जा त्यांची मामेबहीण. वय विशीच्या आसपास. गाणी अमेरिकन, ठेका अमेरिकन, शब्द इंग्रजी. आणि तिघींनाही इंग्रजी येत नव्हतं. एकेक शब्द नुसता आवाज म्हणून घोकलेला.

हे घोकून घेतलं होतं त्यांच्या आईने. ली नान-यंग ही १९३५ मध्ये ‘मोकपोचे अश्रू’ या गाण्याने कोरियाभर गाजलेली गायिका. १९५० मध्ये उत्तर कोरियाचं सैन्य सोलमध्ये शिरलं, त्या धामधुमीत तिचे संगीतकार पती किम हे-सोंग पकडले गेले ते पुन्हा दिसले नाहीत. पदरात पोरं, घर उद्ध्वस्त, आणि शहरात ज्यांच्या खिशात पैसा आहे असं गिऱ्हाईक एकच: अमेरिकी सैनिक. आईने काळ्या बाजारातून अमेरिकन तबकड्या आणल्या, मुलींना त्या ऐकवून ऐकवून बसवल्या आणि छावणीतल्या क्लबात उभं केलं. खूश झालेले सैनिक चॉकलेट द्यायचे, व्हिस्कीच्या बाटल्या द्यायचे. चॉकलेट मुली खायच्या, व्हिस्की बाजारात जायची आणि तिच्या बदल्यात घरात अन्न यायचं.

‘किम सिस्टर्स’ पुढे अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा झळकल्या. एल्विस प्रेस्ली आणि बीटल्स ज्या रंगमंचावरून घराघरांत पोहोचले, तोच हा रंगमंच. नुसतं गाणं पुरणार नाही हे ओळखून त्या सॅक्सोफोन, बॅन्जो अशी दहाहून अधिक वाद्यंही शिकल्या. बीटीएस, ब्लॅकपिंक या नावांनी के-पॉप ओळखणाऱ्या पिढीला ही गोष्ट सहसा माहीत नसते. मला मात्र के-पॉपचं मूळ थेट त्या छावण्यांत दिसतं. ज्याला आपली भाषा कळत नाही अशा माणसाला गाण्याने बांधून ठेवायचं, हा धंदा कोरिया सत्तर वर्षांपासून करतो आहे.

त्या धंद्याची शिस्तही तेव्हाच पडली. युद्ध १९५३ मध्ये थांबलं, पण अमेरिकेची आठवी सेना कोरियातच राहिली आणि तिच्या क्लबांना रोज रात्री गायक-वादक हवे होते. ते पुरवणाऱ्या कंपन्या निघाल्या. कलाकारांची ठरावीक काळाने परीक्षा व्हायची, परीक्षक अमेरिकन, आणि डबल ए, ए, बी, सी अशा श्रेणी मिळायच्या. श्रेणीवर मानधन ठरायचं, नापास झाला की काम बंद. शिवाय प्रत्येक क्लबाची आवड वेगळी. गोऱ्या सैनिकांच्या क्लबात कंट्री, अधिकाऱ्यांच्या क्लबात संथ सुरेल गाणी, काळ्या सैनिकांच्या क्लबात सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज. पोट भरायचं तर सगळंच आलं पाहिजे. ‘गर्ल्स जनरेशन’चं २०१३ चं ‘आय गॉट अ बॉय’ ऐकलंत, तर मध्येच लय बदलते, ढंग बदलतो. तीन-चार गाणी एकात कोंबल्यासारखं वाटतं. काहींना हा गोंधळ वाटतो. मला त्यात एका रात्रीत तीन क्लब गाठणारा वादक ऐकू येतो.

असाच एक वादक शिन जुंग-ह्यन. छावण्यांत गिटार वाजवता वाजवता तो कोरियन रॉकचा जनक झाला. हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या स्तुतीचं गाणं रचायला त्याने नकार दिला. १९७५ मध्ये त्याला गांजाच्या आरोपावरून अटक झाली, छळ झाला आणि १९७९ मध्ये पार्क यांची हत्या होईपर्यंत त्याला गाण्याबजावण्याची बंदी होती. १९७५ हे वर्षच वाईट होतं. दोनशेहून अधिक कोरियन गाण्यांवर सरकारने एका फटक्यात बंदी घातली. कुठलं गाणं जपानी वळणाचं म्हणून, कुठलं उदास म्हणून. किम मिन-गी या तरुणाने लिहिलेलं आणि यांग ही-उन हिने गायलेलं ‘सकाळचं दव’ हे साधं, हळुवार गाणंही त्यात गेलं. विद्यार्थी ते मोर्चात म्हणायचे एवढाच त्याचा गुन्हा. रस्त्यावर पोलीस तरुणांचे लांब केस कापायचे आणि मुलींच्या स्कर्टची उंची पट्टीने मोजायचे. पुढे कित्येक वर्षं प्रत्येक अल्बममध्ये एक सरकारमान्य ‘निरोगी गाणं’ घालावं लागे. लोक ते आलं की सुई उचलत असणार, दुसरं काय!

मग ११ एप्रिल १९९२. एमबीसी वाहिनीवरच्या गुणवत्ता-स्पर्धेत ‘सो तेजी अँड बॉइज’ नावाचं त्रिकूट आलं. कोरियन भाषेत रॅप, ढगळ कपडे, उड्या मारत नाच. परीक्षकांनी दहापैकी ७.८ गुण दिले, त्या दिवशीचे सर्वांत कमी. काही आठवड्यांत देशभरची पोरं तेच गाणं म्हणत होती. १९९५ मध्ये सेन्सॉरने त्यांच्या एका गाण्याच्या शब्दांवर आक्षेप घेतला, तेव्हा सो तेजीने शब्द बदलले नाहीत. सगळे काढूनच टाकले आणि अल्बमवर नुसतं संगीत दिलं. चाहते खवळले. गायक जुंग ते-चुनची सेन्सॉरशी लढाई आधीपासून चालूच होती. जून १९९६ मध्ये गाण्यांची पूर्वतपासणी रद्द झाली.

त्याच वर्षी ‘एच.ओ.टी.’ हा पाच मुलांचा गट बाजारात आला आणि आज ज्याला के-पॉप म्हणतात तो कारखाना सुरू झाला. कारखानदार ली सू-मान. हा मूळचा लोकगीतांच्या ढंगात गाणारा. कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला गेला आणि एमटीव्ही बघून परतला. चेहरा बघून, आवाज तपासून कोवळ्या वयाची मुलं निवडायची, वर्षानुवर्षं गाणं, नाच, परकी भाषा, कॅमेऱ्यासमोर बसणं-उठणं शिकवायचं आणि पुरती तयार झाल्यावरच लोकांसमोर आणायची. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचं बिऱ्हाड असंच चालायचं: पोरसवदा नट मंडळीतच जेवायचे, झोपायचे, तालीम करायचे. फरक असा की कोरियन कंपनी या सगळ्याचा खर्च मांडून ठेवायची. ‘डोंग बांग शिन की’ या गाजलेल्या गटाचा करार तेरा वर्षांचा होता. २००९ मध्ये त्यातले तिघे कोर्टात गेले. त्याच वर्षी सरकारने नमुना करार काढून सात वर्षांची मर्यादा घातली. आजही बरेच गट सातव्या वर्षी फुटतात ते या मर्यादेमुळेच. या चकचकाटाखाली किती पोरं दबली, हे २०१७ मध्ये गायक जोंगह्यन आणि २०१९ मध्ये गायिका सुल्ली गेल्यावर कोरियाला उघडपणे बोलावं लागलं.

‘हे सगळं सरकारने घडवलं’ असं हमखास ऐकू येतं. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे एक अहवाल आला होता: ‘ज्युरासिक पार्क’ या एका चित्रपटाची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्यांच्या निर्यातीइतकी आहे. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर नवे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी संस्कृती हा उद्योग मानून कायदा केला, पैसा दिला. हे खरं आहे. पण मला यात सरकारपेक्षा अडचणीचा वाटा मोठा दिसतो. देश जेमतेम पाच कोटींचा. त्यात इंटरनेट इतकं वेगवान आणि इतकं लवकर आलं, की २००० नंतर लोक गाणी फुकटात उतरवून घेऊ लागले आणि सीडीचा धंदा झोपला. बाहेर जाणं भागच होतं. बोआ ही मुलगी २००० मध्ये तेराव्या वर्षी पुढे आली ती जपानी शिकूनच. २००२ मध्ये तिचा अल्बम जपानच्या ओरिकॉन यादीत पहिला आला.

गाणी तरी कुठून यायची? पुष्कळदा नॉर्वे-स्वीडनहून. ‘गर्ल्स जनरेशन’चं २००९ चं ‘जीनी’ एका नॉर्वेजियन चमूने रचलं. पद्धत अशी: चाल आधी तयार होते, तिच्यात तात्पुरते इंग्रजी शब्द भरलेले असतात. मग कंपनी ती अनेक कोरियन गीतकारांना पाठवते आणि ज्याचे शब्द चालीत चपखल बसतील त्याचे घेते. अर्थ मागून येतो, नाद आधी. ली नान-यंगला ही कार्यशाळा ओळखीची वाटली असती.

आणि जगभर पहिला स्फोट केला तो कारखान्याच्या साच्यात न बसणाऱ्या माणसाने. साय हा तिशी उलटलेला, गोलमटोल गडी. सोलच्या श्रीमंत गंगनम भागाची टिंगल करत घोड्यावर बसल्यासारखा नाचला. जुलै २०१२ मध्ये आलेला त्या गाण्याचा व्हिडिओ २१ डिसेंबरला शंभर कोटी वेळा पाहिला गेलेला यूट्यूबवरचा पहिला ठरला. पुढची गंमत २०१४ ची. यूट्यूबचा मोजणी-आकडा ३२ बिटांचा होता, म्हणजे तो जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाऊ शकत होता. एवढे प्रेक्षक एका व्हिडिओला मिळतील असं तो बांधताना कुणाला वाटलं असेल? साय त्या आकड्याच्या पलीकडे गेला आणि मोजणीची जागा ६४ बिटांची करावी लागली.

बीटीएसची गोष्ट निराळी. बांग शी-ह्योक यांच्या लहानशा कंपनीचे हे सात मुलगे २०१३ मध्ये आले. टीव्हीवर फार जागा मिळेना, म्हणून त्यांनी इंटरनेटवर स्वतःचं रोजचं जगणं दाखवायला सुरुवात केली. त्यांचे चाहते देशोदेशी बसून मुलाखती, गाणी, गप्पा भराभर भाषांतरित करू लागले, तेही बिनपगारी. मे २०१८ मध्ये त्यांचा बहुतांशी कोरियन भाषेतला अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला. गंमत म्हणजे गाण्यांच्या यादीत त्यांना पहिला क्रमांक २०२० मध्ये मिळवून दिला तो ‘डायनामाइट’ने, आणि ते होतं पूर्ण इंग्रजीत, ब्रिटिश गीतकारांचं. पण काही महिन्यांतच ‘लाइफ गोज ऑन’ हे मुख्यतः कोरियन गाणं थेट पहिल्या क्रमांकावरच उतरलं. व्हेगसमधल्या त्या तिघींनी न कळणारं इंग्रजी पाठ केलं होतं. आता न कळणारं कोरियन पाठ करण्याची पाळी अमेरिकन पोरांची होती.

भारतात ही लाट आधी पोहोचली मणिपूरमध्ये. २००० साली तिथल्या बंडखोरांनी हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि रिकाम्या झालेल्या पडद्यावर ‘अरिरांग’ ही कोरियन वाहिनी आली. पुढे २०२२ मध्ये ओडिशातल्या राउरकेल्याची श्रेया लेंका ‘ब्लॅकस्वान’ गटात दाखल झाली.

कंपनीने न ठरवलेल्या जागीही ही गाणी पोहोचतात. सीमेवर दक्षिण कोरियाने भल्यामोठ्या कर्ण्यांतून उत्तरेकडे के-पॉप वाजवलं; शस्त्र म्हणून नाचाचं गाणं वापरणारं दुसरं सैन्य मला तरी ठाऊक नाही.

चाहत्यांच्या हातात मैफलीत जी प्रकाशकांडी असते, तीही अशीच भटकली. प्रत्येक गटाची वेगळी. आकार वेगळा, रंग वेगळा. मोबाइलवर तिकिटाचा आसनक्रमांक भरला, की कांडी ब्लूटूथने जोडली जाते आणि नियंत्रण कक्षातला माणूस पन्नास हजार कांड्यांचे रंग एका बटणावर बदलतो. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला आणि कडाक्याच्या थंडीत संसदेसमोर लोक जमले, तेव्हा तरुण मुलींनी मेणबत्त्यांऐवजी याच कांड्या आणल्या. ज्या गटाची आवड त्याची कांडी, जो रंग हवा तो. गाणं बहुतेकदा ‘गर्ल्स जनरेशन’चं ‘इन्टू द न्यू वर्ल्ड’.

या गाण्याला मोर्चात आणलं होतं २०१६ च्या उन्हाळ्यात इहवा महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनी. समोर पोलीस, एकमेकींचे हात धरलेले, आणि ‘सकाळचं दव’सारखं मोर्चाचं जुनं गाणं या पिढीला तितकं पाठ नव्हतं, लहानपणी टीव्हीसमोर नाचून पाठ झालेलं हे गाणं मात्र सगळ्यांना येत होतं. त्याच विद्यापीठातलं वशिल्याच्या प्रवेशाचं प्रकरण पुढे चिघळलं आणि ज्या घोटाळ्यात राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांची खुर्ची गेली, त्याचा भाग झालं. त्या पार्क चुंग-हींच्या कन्या. १४ डिसेंबर २०२४ ला ३०० पैकी २०४ मतांनी युन यांच्यावरचा महाभियोग मंजूर झाला, तेव्हा संसदेबाहेर पुन्हा तेच गाणं लागलं. २००७ मध्ये ते आलं ते नऊ किशोरवयीन मुलींचं पहिलं गाणं म्हणून. त्यात राजकारणाचा एक शब्दही नाही.