दोन ग्रंथ आणि एक शिलालेख: भास्करीय विद्येची सत्तावन्न वर्षे

भास्कराचार्यांची ओळख बहुतेकांच्या बाबतीत ‘लीलावती’पासून सुरू होते आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’पाशी थांबते. इ.स. ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी लिहिलेला हा ग्रंथ आहेच त्या योग्यतेचा. पण त्यानंतर ३३ वर्षांनी, ६९व्या वर्षी, याच माणसाने ‘करणकुतूहल’ नावाचा एक छोटा ग्रंथ लिहिला. चरित्रांत त्याची नोंद जेमतेम एका ओळीत होते. उतारवयातले पंचांगकर्त्यांसाठीचे काम म्हणून तो बाजूला पडतो. मला हे मोठे अन्यायाचे वाटते. ११५० ते १२०७ या काळाकडे सलग पाहिले, तर शास्त्रज्ञाने स्वतःचेच लेखन नव्याने कसे मांडावे आणि पुढच्यांनी ते कसे चालवावे, याचा इतका स्वच्छ पुरावा आपल्याकडे दुसरा क्वचितच सापडेल. आणि त्यातला दगडावर कोरलेला भाग आहे जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला.

मुळात ‘सिद्धान्तशिरोमणी’च परंपरेच्या साच्यात न मावणारा आहे. ब्रह्मगुप्ताच्या पायावर तो उभा आहे, हे भास्कराचार्य लपवत नाहीत. पण ग्रहगणित आणि गोलाध्याय या भागांवर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिले, म्हणजे श्लोकात नियम आणि गद्यात त्याची उपपत्ती. गोलाध्यायात यंत्रांचे प्रकरण आहे, त्यात त्यांनी स्वतः योजलेले फलकयंत्र आहे, ऋतुवर्णनही आहे. ‘ज्योत्पत्ती’ या प्रकरणात दोन कोनांच्या बेरजेची ज्या (आजच्या भाषेत साइन) काढण्याची रीत आहे. एवढे सगळे असूनही हा ग्रंथ रोजच्या वापराला अवघड होता. त्याचे गणित कल्प या विराट कालखंडाच्या आरंभापासून चालते. भास्कराचार्यांच्या काळापर्यंत कल्पाची १९७ कोटींहून अधिक वर्षे गेली होती, म्हणजे दिवसांची संख्या बारा आकडी. एका ग्रहाचे स्थान हवे, तर त्या बारा आकडी संख्येचा गुणाकार आणि भागाकार पाटीवर करायचा!

‘करणकुतूहला’ने हा आरंभबिंदूच हलवला आणि दिवसांची मोजणी ११८३ पासून सुरू केली. मोठ्या ग्रंथात ३४३८ त्रिज्येचे २४ ज्यांचे कोष्टक होते आणि सोबत एक लहान कोष्टकही. नव्या ग्रंथात लहानच कामाला घेतले: त्रिज्या १२०, दर दहा अंशांना एक ज्या, आणि त्यांमधले फरक २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. हे नऊ आकडे बेरीज करत चला: २१, ४१, ६०, ७७, ९२, १०४, ११३, ११८, १२०. आजच्या गणकयंत्रावर ताडून पाहिले, तर यातला एकही आकडा खऱ्या मूल्यापासून पाव एककाइतकाही ढळत नाही. नऊ आकडे कोणालाही पाठ होतात. काय गाळले तरी चालेल हे ठरवायला मूळ शास्त्रावर पूर्ण पकड लागते, आणि म्हणूनच हे काम शिष्यावर न सोपवता ग्रंथकर्त्याने स्वतः केले याला महत्त्व आहे.

यावर कोणी म्हणेल की सोपे करणे वेगळे आणि नवे शोधणे वेगळे. ‘करणकुतूहला’त नवा सिद्धान्त कोणता? आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या जागी लावलेला आहे. त्या काळी खगोलशास्त्राचा कस ग्रहणाच्या वेळेवर लागत असे, आणि ती वेळ गावोगावचे जोशी काढत. त्यांच्या हाती जे पडेल तेच शास्त्र म्हणून चालणार होते. या ग्रंथावरून पुढे ‘ब्रह्मतुल्यसारणी’ नावाची तयार कोष्टके झाली. १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तर ज्या वगळूनच गणित बसवले. त्याच गणेशांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही उपपत्तींसह टीका लिहिली. सोपेपणाची हौस असलेला माणूस उपपत्ती विसरतो, हे म्हणणे इथे तरी टिकत नाही.

आता पाटणचा शिलालेख. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’तही भास्कराचार्यांच्या या कुळाची चर्चा आहे. भास्कराचार्यांचे गाव कोणते, हा वाद जुना आहे. इथे त्याची गरज नाही, कारण दगड काय सांगतो ते स्पष्ट आहे. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि १२०७ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तोच सगळ्यांत बोलका आहे. पाटणच्या बाजारातल्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला द्यायचे, चालत्या घाण्यामागे पळीभर तेल द्यायचे, आणि माल मोजायचा तो मठाच्या मापाने. खगोलशास्त्राच्या अध्यापनाचा खर्च तेली आणि गिऱ्हाइकांच्या रोजच्या व्यवहारावर बसवलेला आहे.

असा मठ म्हणजे पाठांतराचा अड्डा, तिथे विचार गोठतो, ही शंका रास्त आहे. परंतु याच चाळीसगाव तालुक्यात बहाळला १२२२ चा दुसरा लेख आहे. तो भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातल्या अनंतदेवाचा. यादव राजा सिंघणाचा हा ज्योतिषी. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातल्या एका अवघड अध्यायावर आणि वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर त्याने टीका लिहिल्याचे त्यात नमूद आहे. म्हणजे मठाला दान मिळाल्यावर १५ वर्षांनी हे घराणे भास्कराचार्यांच्या ग्रंथांपुरते थांबलेले नव्हते; भास्कराचार्य ज्याच्या पायावर उभे होते, त्या ब्रह्मगुप्तापर्यंत मागे जाऊन ते वाचत आणि लिहीत होते.